पेरलेले बी उगवत नाही: बहावा, पळस, ताम्हण, सोनचाफा यांच्या बाबतीत कारण कसे शोधावे

बहाव्याच्या शेंगा गोळा केल्या, बिया काढल्या, रात्रभर भिजत घातल्या, चांगल्या माती-खतात पेरल्या, रोज न चुकता पाणी घातले आणि दोन महिन्यांनी हाती काहीच लागले नाही. पळसाच्या दहा बियांपैकी एकच उगवली, आणि सोनचाफ्याची तर एकही नाही. घराच्या अंगणात किंवा गच्चीवर देशी फुलझाडे बियांपासून तयार करू पाहणाऱ्यांची ही तक्रार दरवर्षी पावसाच्या तोंडावर कानी येते, आणि पुढच्या वर्षी तीच माणसे त्याच पद्धतीने पुन्हा पेरतात. त्यावर मिळणारी उत्तरेही ठरलेली असतात: बी जुने असेल, माती कसदार नसेल, पाणी कमी पडले असेल, किंवा तुमच्या हाताला गुण नसेल. यांपैकी शेवटचे उत्तर मला मुळीच मान्य नाही. पहिली तीन कधी बरोबर असतात, तर कधी नेमकी उलट. पाणी कमी पडून वाया गेलेल्या बियांपेक्षा पाणी जास्त होऊन कुजलेल्या बिया मी कितीतरी अधिक पाहिल्या आहेत.

खरी अडचण अशी की, 'बी उगवले नाही' हे नुसते लक्षण आहे. त्यामागे पाच-सहा वेगवेगळी कारणे असू शकतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या अगदी विरुद्ध असतात. बहाव्याला जे करावे लागते ते पळसाला केले, तर पळसाची बी कुजते. सोनचाफ्याच्या बाबतीत जी घाई आवश्यक आहे तिची बहाव्याला काहीच गरज नसते. म्हणून कोणताही उपाय करण्यापूर्वी पेरलेली बी उकरून, चिरून पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हे काम पाच मिनिटांचे आहे, परंतु बहुतेक जण ते करत नाहीत, कारण उगवू घातलेली बी उकरल्याने मरेल अशी भीती त्यांना वाटते. ती भीती अनाठायी नाही, आणि म्हणूनच प्रत्येक जातीच्या चार-पाच बिया मुद्दाम जादा पेराव्यात आणि त्या पाहणीसाठीच आहेत असे समजावे.

उकरून काय पाहायचे

पेरणीला तीन आठवडे होऊन गेले आणि मातीवर काहीच हालचाल दिसली नाही, की दोन-तीन बिया जुन्या चमच्याने अलगद काढाव्यात, वाटीभर पाण्यात खळबळून पांढऱ्या कागदावर ठेवाव्यात आणि ब्लेडने मधोमध चिराव्यात. जिवंत बीचा गर भरीव, ताजा आणि पांढरा, फिकट पिवळा किंवा हिरवट दिसतो. बी पेरली तशीच कोरडी व कडक आहे का, आत भुसा किंवा पोकळी आहे का, गर काळपट, बुळबुळीत आणि दुर्गंधीयुक्त झाला आहे का, की कोंब फुटून मातीच्या आतच मेला आहे, हे पाहायचे. आणि बी मुळी सापडलीच नाही, तर तेही एक उत्तरच असते.

या वेळी एक गोष्ट हाताशी असेल तर निदान फार सोपे होते: बी कोणत्या झाडाखालून, कोणत्या महिन्यात उचलली आणि कधी पेरली, याची एका ओळीची नोंद.

बी दगडासारखी जशीच्या तशी सापडली

हे बहाव्याचे नेहमीचे दुखणे आहे, आणि यात खरे तर आनंदाची बाब अशी की बी मेलेली नसते. बहाव्याची शेंग हातभर लांब, काळसर तपकिरी आणि नळीसारखी गोल असते. ती फोडली की आत एकावर एक रचलेल्या नाण्यांसारखे पातळ पडदे दिसतात, आणि प्रत्येक कप्प्यात काळ्या, गोड, चिकट गरात एक चपटी, तुकतुकीत तपकिरी बी असते. एका शेंगेत ४० ते १०० बिया सहज निघतात. या बीचे कवच इतके घट्ट असते की त्यातून पाणी आत शिरतच नाही. रात्रभर भिजवा, दोन दिवस भिजवा, फरक पडत नाही. बाहेर काढून पुसली की ती पहिल्याइतकीच कोरडी असते. रानात हे काम कोल्हे, अस्वले आणि माकडे करतात. शेंगेतला गर खाताना बिया पोटात जातात आणि पाचक रसांनी कवच मऊ पडून विष्ठेतून बाहेर येतात. ज्या बियांना हे भाग्य लाभत नाही, त्या जमिनीत ऊन-पावसाने झिजत राहतात आणि एकेक करून कितीतरी महिन्यांनी उगवतात.

घरी आपल्याला एवढेच करायचे असते की कवचाला एका ठिकाणी वाट करून द्यायची. बीच्या एका टोकाला ती शेंगेला जोडलेली होती त्याची बारीक खूण दिसते. कोंबाचे मूळ त्याच बाजूला असते, म्हणून ते टोक सोडून द्यावे आणि विरुद्ध टोक किंवा कड पॉलिश पेपरवर घासावी. तुकतुकीत तपकिरी थर जाऊन खालचा फिकट थर टाचणीच्या डोक्याएवढा दिसू लागला की थांबावे. नेलकटरने कडेचा कण उडवला तरी चालते; मात्र त्यात बी हातून निसटते आणि गर चिरडला जाण्याचा धोका असतो, म्हणून मला पॉलिश पेपरच बरा वाटतो. नंतर बिया साध्या पाण्यात रात्रभर ठेवाव्यात.

एकदा मी एकाच शेंगेतल्या ४० बिया घेऊन त्यांतल्या २० घासल्या, २० तशाच ठेवल्या आणि दोन वाट्यांत भिजवल्या. सकाळी पाहिले तेव्हा घासलेल्या बिया फुगून दुपटीच्या झाल्या होत्या, त्यांचा तुकतुकीतपणा जाऊन त्या मातकट दिसत होत्या आणि एक चिरली तर आतल्या फिकट पिवळ्या दलांभोवती सब्जा भिजल्यावर येतो तसा पारदर्शक, चिकट थर तयार झाला होता. दुसऱ्या वाटीत फक्त दोन बिया फुगल्या होत्या. उरलेल्या अठरा वाटी हलवताच खड्यांसारख्या खणखणल्या. तेव्हापासून न फुगलेली बहाव्याची बी मी कधीच पेरत नाही. ती पुन्हा घासते आणि पुन्हा भिजवते. फुगलेली बी अर्धा इंच खोल पेरली, तर उन्हाळ्याच्या दिवसांत साधारण एक-दोन आठवड्यांत कोंब वर येतो.

पांगारा आणि शिरीष यांच्या बियांचीही हीच तऱ्हा आहे. शिरीषाच्या बिया लहान आणि पुष्कळ असल्याने एकेक घासणे कंटाळवाणे होते. तेथे पाण्याला उकळी आणून भांडे खाली उतरवावे, दोन-तीन मिनिटे थांबावे, बिया त्यात टाकाव्यात आणि पाणी आपोआप थंड होईपर्यंत रात्रभर राहू द्याव्यात. बिया घातलेले पाणी आचेवर उकळायचे नाही. उकळलेली बी शिजते, उगवत नाही. मोठ्या रोपवाटिकांत यासाठी सल्फ्युरिक आम्ल वापरतात. ते घरात आणण्याचा विचारही करू नये. वीस-तीस बियांसाठी डोळे आणि हात धोक्यात घालण्याचे काहीच कारण नाही.

गर काळपट, मऊ आणि दुर्गंधीयुक्त झाला

बहाव्याचा धडा पळसाला लावल्याने हे घडते. पळसाची शेंग मे-जूनमध्ये पिकते. ती चपटी, हलकी, वाळलेल्या पानासारखी असते आणि टोकाशी एकच बी असते. ही बी तांबूस तपकिरी, चपटी आणि पातळ सालीची असते. या सालीतून पाणी सहज आत जाते, म्हणून तिला घासण्याची, गरम पाण्याची किंवा लांबलचक भिजवणीची मुळीच गरज नसते. गरम पाण्यात टाकलेली किंवा दोन दिवस बुडवून ठेवलेली पळसाची बी मातीत जाऊन फसफसते आणि आठवड्याभरात तिचा लगदा होतो. शेंग पिकल्याबरोबर आणावी, बी काढावी किंवा शेंगेचे टोकच कापून घ्यावे आणि निचरा होणाऱ्या मातीत आडवी पेरून वर बोटभर माती टाकावी, एवढेच पुरेसे असते. मेच्या अखेरीस पेरलेला पळस दोन आठवड्यांच्या आसपास उगवतो आणि पावसाची झड सुरू होईपर्यंत सावरतो. तोच भर जुलैत, सतत चिंब राहणाऱ्या काळ्या मातीत पेरला, तर कुजण्याची शक्यता फार वाढते. पुढच्या वर्षीसाठी डब्यात भरून ठेवलेल्या पळसाच्या बियांवर मी विसंबत नाही.

कुजण्याचे दुसरे कारण अधिक दुःखद आहे: बी पेरण्यापूर्वीच मेलेली असते. आपल्याकडच्या कितीतरी देशी झाडांच्या बिया वाळवणे आणि साठवणे सहन करू शकत नाहीत. सीता अशोक, सुरंगी, नागकेशर, मोह, कुंभा ही सारी याच गटातली आहेत. गहू-ज्वारीच्या बियाण्याप्रमाणे ती उन्हात वाळवून बरणीत भरली, की आपण काळजी घेत आहोत अशा समजुतीने आपणच त्यांचा जीव घेतो. मी एकदा नागकेशराच्या बियांचे पाकीट टपालाने मागवले होते. बिया दिसायला सुरेख, गडद तपकिरी आणि गुळगुळीत होत्या, परंतु कानाशी नेऊन हलवल्या तर आतला गर सुटून खुळखुळत होता. बाराही पेरल्या, आणि बाराही बिया मातीत मुकाट्याने काळ्या झाल्या. म्हणून या जातींच्या बिया विकत आणायच्या असतील, तर आधी त्या केव्हा उचलल्या हे विचारावे, आणि शक्य असेल तर झाडाखालूनच आणाव्यात. आणताना ओलसर कापडात किंवा त्याच झाडाखालच्या पालापाचोळ्यात गुंडाळाव्यात आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पेराव्यात. फ्रिजमध्ये ठेवणे हा त्यांच्यावरचा उपाय नाही.

सोनचाफ्याचे प्रकरण थोडे वेगळे आहे आणि त्यात सर्वांत जास्त लोक फसतात. त्याच्या फळांचा घोस पिकला की एकेक बोंड उकलते आणि आत तांबडा-केशरी, मऊ गर ल्यालेल्या बिया दिसतात. तशाच बिया पेरल्या तर दोन संकटे येतात: तो गर उगवणीला अटकाव करतो, आणि त्याच्या वासाने मुंग्या येतात. बिया एक दिवस पाण्यात ठेवून, जाड वाळूबरोबर किंवा राखेबरोबर तळहातावर चोळून तो गर पूर्ण काढावा. खाली काळी, कडक बी लागते. धुतल्यावर तासभर सावलीत निथळू द्यावी आणि लगेच, अर्धवट सावलीत पेरावी. तेलकट असल्याने ही बी काही आठवड्यांतच निकामी होऊ लागते. एवढे सारे करूनही उगवणीला महिना-दोन महिने लागू शकतात, तेव्हा तीन आठवड्यांचा माझा वरचा नियम सोनचाफ्याला लावू नये. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्यांना दोन वर्षांत देवाला फूल वाहायचे आहे त्यांनी सोनचाफ्याचे कलमच आणावे. बियांचे झाड फुलायला अनेक वर्षे घेते, आणि ते मोठे, उंच झाड होते.

अशोकाबाबत तर आधी एक वेगळीच शंका फेडून घ्यावी लागते. 'अशोकाचे बी' म्हणून जे दिले जाते ते पुष्कळदा रस्त्याकडेला सरळसोट उंच वाढणाऱ्या आसुपालवाचे असते. आसुपालवाची फळे लहान, अंडाकृती, घोसात लागणारी आणि पिकल्यावर काळसर जांभळी होणारी असतात. सीता अशोकाला चपटी, रुंद, चामड्यासारखी शेंग येते आणि तिच्यात चार ते आठ मोठ्या, चपट्या बिया असतात. शेंग पाहिल्याशिवाय बी अशोकाची आहे असे मानू नये.

आत पोकळ, किंवा नुसता भुसा

ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प असल्याने ते दारात असावे अशी अनेकांची इच्छा असते, आणि पहिल्याच पेरणीत त्यांची निराशा होते. एप्रिल ते जून फुललेल्या ताम्हणाची बोंडे हिवाळ्यात वाळून, तडकून उघडतात आणि त्यांतून पंख असलेल्या हलक्या बिया उडतात. या बियांतल्या कितीतरी मुळातच पोकळ असतात. एका बोंडातल्या २० बिया मी नखाने दाबून आणि चिरून पाहिल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक बियांत पांढरा गर नव्हताच. यावर उपचार नाही. उपाय एवढाच की दहा रोपे हवी असतील तर शंभर बिया पेराव्यात, त्याही अगदी वरवर, चाळलेल्या मातीचा पातळ थर देऊन, आणि जागा उन्हाची निवडावी. ज्यांनी पाच बिया पेरून ताम्हण उगवत नाही असा निष्कर्ष काढला आहे, त्यांनी कृपया एकदा या प्रमाणात पेरून पाहावे.

बीला बारीक गोल भोक असेल आणि आत पीठ असेल, तर तो बीजभुंगेऱ्यांचा प्रताप असतो. हे भुंगेरे कडधान्यात होतात त्यांच्याच कुळातले; शेंग झाडावर असतानाच मादी तिच्यावर अंडी घालते, अळी बीच्या आत वाढते आणि पुढे भोक पाडून भुंगेरा बाहेर पडतो. शिरीषाच्या बियांत हे फार आढळते आणि बहाव्यातही होते. शेंगा वर्षभर फडताळात ठेवण्याऐवजी लगेच फोडून, भोके असलेल्या बिया वेगळ्या करून, उरलेल्या सावलीत वाळवून कोरड्या राखेत ठेवाव्यात. आपल्या आज्या कडधान्याला करीत तेच येथेही उपयोगी पडते. पाण्यात टाकून तरंगणाऱ्या बिया फेकण्याची चाचणी बहावा, बकुळ अशा जड, गुळगुळीत बियांपुरतीच खरी मानावी. ताम्हण, वारस, मेडशिंगी, टेटू यांच्या पंखवाल्या बिया चांगल्या असूनही तरंगतात, आणि त्या चाचणीत सरसकट कचऱ्यात जातात.

बी सापडलीच नाही

मातीत बी नसेल तर प्रथम मुंग्या आणि उंदीर यांचा संशय घ्यावा. कुंडीवर बारीक जाळी बांधली की तो प्रश्न बहुधा मिटतो. कदंबाच्या बाबतीत मात्र कारण वेगळे असते. कदंबाचे चेंडूसारखे फळ म्हणजे शेकडो बारीक फळांचा गोळा असतो, आणि त्यातली बी इतकी सूक्ष्म असते की एका ग्रॅममध्ये हजारो मावतात. अख्खे फळ मातीत पुरले किंवा बी बोटभर खोल गेली, तर कोंबाला वर येण्याइतकी ताकदच नसते. झारीने पाणी घातले तर बी वाहून कुंडीच्या कडेला जाते. पिकून मऊ झालेले फळ बादलीभर पाण्यात कुस्करावे, मलमलच्या कापडातून गाळून बारीक बी वेगळी करावी, सावलीत सुकवावी, कोरड्या बारीक वाळूत मिसळावी आणि ओल्या मातीवर नुसती भुरभुरावी. वर माती टाकायची नाही. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी द्यायचे आणि वर काच किंवा पारदर्शक झाकण ठेवायचे. कोवळी रोपे पहिला महिनाभर शेवाळाच्या ठिपक्यांसारखी दिसतात, आणि ती शेवाळ समजून खरवडून टाकल्याची उदाहरणे मला माहीत आहेत.

उगवली, आणि एका रात्रीत आडवी झाली

बी न उगवण्यापेक्षा हे अधिक जिव्हारी लागते. काटेसावरीच्या बिया एप्रिल-मेमध्ये बोंड फुटल्यावर कापसातून निवडून लगेच पेरल्या, तर कोणत्याही संस्काराशिवाय आठवडा-दोन आठवड्यांत भरभरून उगवतात. माझ्या मते नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिली पेरणी याच झाडाची करावी. परंतु तेच दाट उगवलेले वाफे एखाद्या ढगाळ, कोंदट आठवड्यात पाहता पाहता बसतात. सकाळी ताठ असलेले रोप संध्याकाळी मातीवर पडलेले असते. उचलून पाहावे तर पाने हिरवीगार असतात, मूळ पांढरे असते, आणि मातीच्या पातळीवर मात्र देठ पाणचट, तपकिरी होऊन दोऱ्यासारखा बारीक झालेला असतो. कुणीतरी चिमटीत धरून तेवढाच भाग दाबला असावा असे ते दिसते. दुसऱ्या दिवशी शेजारची चार रोपे, तिसऱ्या दिवशी हाताएवढा गोल.

याला शेतकरी रोपे कोलमडणे किंवा मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजारियम अशा मातीतल्या बुरशीवर्गीय जीवांचे हे काम आहे, आणि त्यांना हवे ते सारे आपण पुरवत असतो: अर्धकच्चे शेणखत, दाट पेरणी, संध्याकाळी झारीने घातलेले पाणी आणि वारा न लागणारा कोपरा. रोप पडले म्हणून पाणी वाढवणे ही यातली सर्वांत घातक चूक आहे, आणि ती अगदी साहजिक आहे, कारण कोलमडलेले रोप तहानलेल्या रोपासारखेच दिसते. देठाची मातीलगतची जागा पाहिल्याशिवाय पाणी घालू नये.

पडलेली रोपे वाचत नाहीत. ती भोवतालच्या दोन बोटे मातीसकट काढावीत, उरलेली विरळ करावीत, कुंडी सकाळचे ऊन आणि वारा लागेल अशा जागी हलवावी, वर कोरड्या वाळूचा पातळ थर द्यावा आणि मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय पाणी देऊ नये. दिलेच तर सकाळी आणि खालून. प्रादुर्भाव पसरत असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचे बुरशीनाशक लिटरभर पाण्यात २.५ ते ३ ग्रॅम मिसळून मातीत ओतावे. हातमोजे घालून आणि मुलांपासून दूर. ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी हा आधी करायचा बंदोबस्त आहे, रोपे पडू लागल्यावरचे औषध नव्हे; पेरणीपूर्वी तो पूर्ण कुजलेल्या खतात मिसळून आठ-दहा दिवस ओलसर ठेवावा आणि मग ते खत मातीत घालावे. तांब्याचे औषध आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी वापरू नयेत, कारण ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे.

माझा अनुभव असा की पेरणीच्या मातीत खत घालण्याचा मोह आवरला, तर यातला अर्धा त्रास होतच नाही. बीमध्ये पहिल्या पानांपुरती शिदोरी असतेच. पेरणीसाठी मी चाळलेली पोयटा माती आणि जाड वाळू समप्रमाणात घेते. शेणखत पुढे, रोप पिशवीत हलवताना घालते. नारळाचा भुसा वापरायचा असेल तर तो दोन-तीन पाण्यांतून धुऊन, पिळून घ्यावा, कारण त्यात पुष्कळदा क्षार असतात.

पाने गळाली म्हणून रोप फेकू नये

पावसात जोमाने वाढलेली रोपे डिसेंबरपासून पिवळी पडू लागतात आणि जानेवारीत कुंडीत नुसती काडी उरते, तेव्हा बहुतेक जण ती उपटून टाकतात. पळस, काटेसावर, पांगारा ही पानझडीची झाडे आहेत आणि त्यांची रोपेही हिवाळ्या-उन्हाळ्यात पाने टाकू शकतात. बिवळा आणि कुंभा यांच्या बाबतीत तर खोडही वरून वाळत जाते. जमिनीखालचे मूळ मात्र जिवंत राहून जाड होत असते, आणि पावसाळ्यात तेथून नवे खोड फुटते. असे सलग काही वर्षे चालू शकते. काडीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. हिरवी दिसली तर रोप जिवंत आहे. तपकिरी दिसली तरी अगदी बुडाशी पुन्हा पाहावे आणि जूनअखेरपर्यंत कुंडी जपून ठेवावी. या काळात आठवड्यातून एखादे हलके पाणी पुरते.

बहाव्याच्या रोपाची पाने गळून नव्हे, तर कुरतडून नाहीशी झाली असतील, तर पानांच्या मधल्या शिरेवर हिरव्या सडपातळ अळ्या शोधाव्यात. त्या पांढरट पिवळ्या फुलपाखरांच्या असतात आणि पानाच्या रंगाशी इतक्या मिळून जातात की पान उन्हाकडे धरल्याशिवाय दिसत नाहीत. औषध मारू नये. रोप वीतभर असेल तर दोन-चार अळ्या हाताने उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात. त्यापेक्षा मोठे रोप पंधरा दिवसांत नवी पालवी काढते.

पिशवीतल्या मुळांची अडचण

उगवण उत्तम झाली, रोप वर्षभर टिकले, जमिनीत लावले आणि मग दोन वर्षे एक वीतही वाढले नाही, ही तक्रार पळस आणि बहाव्याबाबत वारंवार येते. पळसाचे सोटमूळ पहिल्या काही महिन्यांतच रोपाच्या उंचीच्या कितीतरी पट खोल जाऊ पाहते. पाच इंची पिशवीच्या तळाला ते अडकते, तेथेच गोल फिरते आणि त्याचे वेटोळे होते. पुढे जमिनीत लावले तरी ते वेटोळे आपोआप सुटत नाही. म्हणून पळस शक्यतो कायमच्या जागीच पेरावा. पिशवी वापरायचीच असेल तर ती निदान फूटभर उंच असावी, आणि पहिल्याच पावसाळ्यात रोप जमिनीत जावे. लावताना मातीची हुंडी न फोडता पिशवी ब्लेडने उभी चिरावी. तळाशी मुळांचे वेटोळे दिसलेच, तर तेवढा भाग धारदार कात्रीने कापून टाकावा, कापल्यावर आठवडाभर सावली करावी आणि पाणी नियमित द्यावे. ही शस्त्रक्रिया मी बहाव्यावर अनेकदा निश्चिंतपणे केली आहे. पळसावर मात्र नाइलाज झाल्याशिवाय करत नाही.

न उगवलेल्या पिशव्या पावसाळ्याच्या अखेरीस रिकाम्या करताना त्यांतली माती एकदा चाळून घ्यावी. बहाव्याच्या, पांगाऱ्याच्या आणि शिरीषाच्या न फुगलेल्या बिया त्यात बहुधा शाबूत सापडतात. त्या धुऊन, सावलीत वाळवून, शेंगा उचलल्याच्या महिन्याची चिठ्ठी लावून ठेवाव्यात आणि पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पॉलिश पेपरवर घासून पुन्हा भिजत घालाव्यात.